वूड्स म्हणजे जंगल

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. डॉक्टर त्यांच्याशी बोलून नुकतेच आत गेले होते.

“मघाशी ते वूड्स म्हणाले, ते काय गं?”

“वूड्स म्हणजे जंगल, आई. इंग्रजीत तसं म्हणतात.”

“यांच्या छातीत दुखतंय आणि डॉक्टरांना जंगल कुठून आठवलं?”

“पूर्वी लोक जंगलातून पायी जायचे ना. आत चोरांची भीती, जनावरांची भीती, वाट चुकली तर संपलंच. एकदा मोकळ्यावर आलं की सुटलो. म्हणून आजारी माणूस वाचला की म्हणतात, जंगलातून बाहेर आला.”

“म्हणजे आपलं जिवावरचं शेपटावर गेलं, तसं.”

“हो, तसंच.”

“मग तुझे बाबा आले बाहेर?”

“येतील. तू थोडं पाणी पी बघू.”

“डॉक्टर त्याच्या आधी ‘नॉट’ म्हणाले.”

“आई...”

“तेवढं इंग्रजी कळतं मला. आता काय ते नीट सांग.”

“आजची रात्र निघायला हवी म्हणाले. त्याशिवाय काहीच सांगता येत नाही.”

“सकाळीही हेच म्हणाले होते?”

“हो.”

“आणि तू एकटीच गिळून बसलीस?”

“तुझी शुगर वाढली असती.”

“वाढू दे. सरक अशी, डोकं ठेव मांडीवर.”

“लोक बघतायत, आई.”

“बघू देत.”

“मला फार भीती वाटतेय गं.”

“मलाही वाटतेय. पण आता दोघी आहोत ना.”