बहिणीला द्यायची चिठ्ठी

गिरजा : वरीस झालं अक्का जाऊन, आणि तिची चिठ्ठी मला आज देताय, दाजी?

म्हादू : आधी वाच तरी.

गिरजा : इंग्लिश हाय. तुम्हीच सांगा.

म्हादू : सुमंगलाचा छातीचा कॅन्सर घराण्यातनं आलेला. रगत तपासून कळलं. डीएनए म्हनतात त्याला. बहिणीनंबी तपासून घ्यावं, असं डॉक्टरनं लिवलंय.

गिरजा : मला काय झालंय? काल रानातनं दोन भारे लाकडं आणली मी.

म्हादू : तिला तरी काय झालं हुतं? गाठ हाताला लागली तर म्हनाली, लावणी होऊ दे. मग म्हनाली, कापणी होऊ दे. मीबी व्हय म्हनलो.

गिरजा : आमची आईबी तशीच गेली. सगळी म्हनायची, देवाचं काय तरी चुकलं.

म्हादू : कुनाचं काय चुकलं न्हाई. रगतातनं येतं ते.

गिरजा : हळू बोला. रक्षा घरात हाय. रामनगरची मानसं तिला बगून गेल्यात. आईत खोट निघाली तर पोरीला कोन करून घेईल?

म्हादू : इचारलंय मी. तुझ्यात ते न्हाई निघालं, तर तुझ्याकडनं तिच्यात जातच न्हाई. तिला सुईबी टोचायला नको.

गिरजा : तुम्ही कवापासनं डॉक्टर झालात? आणि निघालं तर?

म्हादू : निघालं म्हंजे रोग झाला असं न्हाई. दर वर्सी तपासत ऱ्हायाचं. गाठ बारीक असतानाच सापडती.

गिरजा : एवढं ठाऊक हुतं, तर वरीसभर गप का बसलात? मी मेले असते म्हंजे?

म्हादू : (चिठ्ठीकडं बघत) खाली तिची सही हाय. शाळा न्हाई शिकली, पर नाव लिवायची. ‘सु’ मोठा, बाकीचं बारीक. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हनाली, गिरजाला दे. मी ट्रंकेत ठेवली. काढायचो, बगायचो, परत ठेवायचो.

गिरजा : दाजी...

म्हादू : चुकलो मी. काल वर्सश्राद्धाला तू वाढायला उभी ऱ्हायलीस, कंबरेवर हात ठेवून, तिच्यागत. भ्यालो.

गिरजा : ...कवा जायाचं?

म्हादू : सोमवारी. बेळगावच्या बशीला. मी येतो संगती.

गिरजा : चिठ्ठी डॉक्टरनं ठेवून घेतली तर?

म्हादू : घेऊ दे.

गिरजा : रक्षाला काय सांगू?

म्हादू : मावशीनं सांगितलंय, म्हन.