टवका उडालेली काच

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे संचालक साहेब, पाहुणे मंडळी, माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत बसून 'जपून बोल' अशा खुणा करणारे माझे यजमान,

निवृत्तीच्या दिवशी माणसानं गोड बोलावं अशी अपेक्षा असते. माझीही तीच तयारी होती. साहेबांनी इतकं कौतुक केलं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय की काय, असं वाटलं. मग त्यांनी हे सन्मानचिन्ह हातात दिलं आणि माझं भाषण तिथंच बदललं.

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. लाकडी चौकटीत एक जाड, गोल काच आहे, खाली पितळी पट्टीवर माझं नाव. ही काच दुकानातली नाही. आमच्या चाचणी-कक्षात इंजिनाचा इंजेक्टर ज्या बंद भांड्यात इंधन फवारतो, त्या भांड्याची ही खिडकी. हिच्यातूनच आमचा कॅमेरा फवारा टिपायचा. कडेला टवका उडालाय, त्यावरून ओळखली.

हा टवका कुणी उडवला? आम्ही ज्यांना पंडित म्हणतो, त्यांनी. ते बघा, डावीकडे मान खाली घालून बसलेत. फवाऱ्याचं संगणकावरचं मॉडेल त्यांचं. त्यात इंजेक्टरचं तोंड झाकणारी सुई बंद झाली की इंधन थांबायचं. माझ्या चित्रांत मात्र नंतरही नोझलच्या टोकाला थेंब लोंबायचे. असे थेंब नीट जळत नाहीत, धूर करतात. पंडित म्हणाले, "ताई, तुमची काच मळलीय. पुसत जा जरा." म्हटलं, तुम्हीच पुसा. त्यांनी हट्टानं काच काढली, पुसली आणि बसवताना पान्यावर आपटली. थेंब होते तिथेच होते. मग तोंड पाडून का होईना, भल्या माणसानं मॉडेल दुरुस्त केलं.

आणि आत्ता साहेब म्हणाले, मॉडेल मोजमापाशी तंतोतंत जुळतं, तेव्हा चाचणी-कक्षाची गरज उरली नाही. साहेब, ते जुळतं कुणामुळे? पुढच्या महिन्यात नवं, पातळ इंधन येतंय. मॉडेलनं ते कधी पाहिलेलं नाही. त्याचे थेंब कोण बघणार? सत्कार माझा, आणि त्यासाठी माझ्याच कामाचे डोळे काढून मला भेट दिलेत. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

राग पंडितांवरही आहे. टाळ्या चालू असताना जवळ येऊन माझ्या कानाशी कुजबुजले, "ताई, काच गेली तर माझ्या चुका कोण काढणार?" अहो, मग कक्ष बंद करायचं ठरलं त्या बैठकीत मूग गिळून का बसलात? तेव्हा बोलायला काय झालं होतं?

हे सन्मानचिन्ह मी घरी नेणार नाही. दिवाणखान्यात ठेवून त्यातून काय बघू, भिंत? पंडित, उठा. माइकजवळ या आणि मघाशी कुजबुजलात ते सगळ्यांना सांगा.

काय म्हणालात? "काच परत बसल्याशिवाय नव्या इंधनाच्या मॉडेलवर मी सही करणार नाही." साहेब, ऐकलंत ना? आता मला खरा निरोप मिळाला.

आपण सगळे आलात, माझं ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. काचेबद्दल जे बोलले, त्यातलं मात्र काही कमी करू नका. नावाची पट्टी मी ठेवून घेते. आणि पंडित, चौकट उघडायला स्क्रूड्रायव्हर लागेल. माझ्या पर्समध्ये आहे.