वन्संचा अर्क

...आणि वर लोक मलाच विचारतात, झाकणावर चिठ्ठी का लावली नाहीस? अहो, मी कशाला लावू? अर्क काय माझा होता? तुम्हाला सांगते, अर्क वन्संचा. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, चार दिवस राहायला आलेली. माझ्या क्रीमच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचत बसल्या आणि म्हणाल्या, वहिनी, ह्यात अळंबीचा अर्क आहे, एवढीशी डबी, केवढी किंमत, आणि तुमच्या मागच्या भिंतीशी ओंडक्यावर तीच फुकट उगवलीय. म्हटलं, बाई गं, ती कुठली, ही कुठली... तर म्हणे, नैसर्गिक आहे, काही होत नाही.

नैसर्गिक! विंचू काय कारखान्यात बनतो?

पण ऐकतील तर त्या वन्सं कसल्या. होती नव्हती ती अळंबी खुडली, उकळली, गाळली, चोथा तोंडाला थापला आणि अर्क पातेलीत झाकून फ्रिजात ठेवला. मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय, आणि हे नेमके त्याच दुपारी ऑफिसातून लवकर आले, पोटात कावळे ओरडत असलेले... पातेली काढली, गरम केली, मीठ-मिरपूड टाकली आणि उभ्या उभ्या पिऊन मोकळे. वर जिन्यातून मला सांगतात, आज सूप फक्कड जमलंय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाचं कौतुक केलं या माणसानं, आणि तेही... जाऊ द्या.

तेवढ्यात वन्संना ओट्यावर रिकामी पातेली दिसली. चोथा वाळून तोंड दगडासारखं झालेलं, डोळे तेवढे मोठे मोठे होत गेले. आणि पुन्हा तेच, पण आवाज पार विहिरीतून आल्यासारखा, नैसर्गिक आहे... काही होत नाही...

मग सूप कसलं होतं ते ह्यांना सांगावंच लागलं. विचारलं, काही होतंय का? म्हणाले, नाही, बरं वाटतंय. मी हुश्श करणार, तर ह्यांनी मोबाइलवर वाचायला घेतलं, की काही विषारी अळंब्या अशा असतात, सुरुवातीला काही म्हणता काही होत नाही, माणूस आपला ठणठणीत... म्हणजे बरं वाटणं हेच लक्षण! जसजसं बरं वाटत गेलं तसतसा ह्यांना घाम फुटत गेला.

तसंच टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई विचारतात, मळमळतंय? नाही. पोट दुखतंय? नाही. एकेका 'नाही'ला त्यांची भुवई वर आणि माझा जीव खाली. मग म्हणाल्या, प्यायलेलं थोडं तरी आणलंय का, तपासायला पाठवू. आता कुठून आणणार? ओंडका साफ, पातेली साफ... आणि आम्ही सगळ्यांनी एकदम वन्संकडे पाहिलं. घाईत त्यांचं तोंड धुवायचं राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चपट्या काडीनं त्यांचा एक गाल खरवडला, बाटलीत भरला आणि कॉलेजात बुरशीचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंकडे पाठवून दिला.

मग नुसती वाट बघायची. सलाइन टपटपतंय... आणि ह्यांनी माझा हात धरला. रस्ता ओलांडताना कधी धरत नाही हा माणूस. हळूच म्हणाले, "मला काही झालं तर तिला बोलू नकोस. वेडी आहे, पण दुष्ट नाही."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं हो. वन्सं पायाशी, एक गाल उघडा, दुसरा लिंपलेला, भावाची पावलं गच्च धरून बसलेल्या. मी मनात म्हणतेय, बाई, म्हण की आता, नैसर्गिक आहे, काही होत नाही... एकदा म्हण! तोंडातून चकार शब्द नाही. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

संध्याकाळी निरोप आला. खायचीच अळंबी होती, बिनविषारी. वन्संनी भोकाड पसरलं. हे म्हणाले, भूक लागलीय.

सुटलो असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण ह्यांची भीती जाईल तर शपथ! पाण्याचा पेलासुद्धा हुंगतात. आता रोज आधी वन्संनी घास खायचा, मग आम्ही दोघांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं, त्या धडधाकट दिसल्या की मगच हे जेवणार. आणि वन्सं? काल नवऱ्याला फोनवर सांगत होत्या, "इतक्यात नाही हो जमायचं यायला. दादाचं माझ्यावाचून जेवणच होत नाही."

मी आपली तिसरं ताट मांडते.