पूजेतला पाना

हॅलो?… हॅलो! कोण, कारभारी भाऊजी?… बोला की! किती वेळचा फोन लावतेय, बोट दुखलं माझं. कुठं हाईत तुमी?… संभाजीनगरात पोचले? लई उपकार झाले.

नाय, नाय, आधी माझं ऐका. ऐका म्हणते ना! पाणी अजून चढतंय. काल तुमचे भाऊ मेंढरं घेऊन पायवाटेनं गेले त्या टेकाडावर, आज ती पायवाटच नाय. निस्ते बाभळीचे शेंडे दिसतेत… व्हय, वर पाऊस झालाय, धरण फुगलंय, ते मला नका सांगू. त्यांना पवता येत नाय. मेंढरामागं जल्म गेला माणसाचा, पाण्यात कवा उतरले ते? अन् ह्या काठाला बोट एकच, ती आपली. अन् तिच्या इंजनाचा बोल्ट तुमी मोडून ठेवला!

… हळू? हळू कशी बोलू?

… आपोआप मोडला? भाऊजी, मी हितंच उभी व्हते. तेल काढायचा एवढासा बोल्ट, पान्याला लांब पाईप घातला अन् दोन्ही पायानं रेटा दिला. मी म्हणलं, बास आता. तर तुमी म्हणले, वहिनी, खंडेनवमी हाय, इंजनाखाली रांगोळी काढलीय, तेलाचा थेंब पडता कामा नाय. कट्कन आवाज आला तवा विचारलं ना मी? म्हणले, काई नाय, काई नाय, पूजा उरका. घ्या! रांगोळी अशी न्हालीय तेलानं की लक्ष्मी बी पाय घसरून पडंल.

… बरं. नवा बोल्ट मिळाला का?… नाय? का नाय?… दुकानात बी पूजा चालूय? तिथं बी?… आरती झाल्याबिगर कपाटाला हात लावत नाय? अहो, त्याच्या पाया पडा! सांगा, माणूस अडकलाय आमचा… सांगितलं? मंग पुन्यांदा सांगा.

अन् नवा आला तरी तो घालायचा कुठं? डोकं तुटून खाली पडलं, आट्याचं बूड आतच बसलंय. मेलं मधून पोकळ… साबण? कोंबला ना. आख्खी वडी कोंबली. हँडल मारलं की धक्क्यानं बाहेर, अन् मागनं तेल भळाभळा. मी निस्ती माखलीय साबणानं अन् तेलानं… हसताय? हसा, हसा.

… काय? कानस?… तिची शेपटी घालायची त्या पोकळीत? ठोकून घट्ट बसवायची… व्हय… अन् मंग पान्यानं धरून फिरवायची. कळलं. अहो कळलं, इंजन काय तुमीच बघितलं का?

पण कानस आणू कुठनं?… कुठं म्हंजे? पूजेत! कानस पूजेत, पाना पूजेत, हातोडी पूजेत. समद्याला हळदीकुंकू, वर झेंडू. अन् पुढं, हितंच बोटीत, आत्याबाई मांडी घालून बसल्यात, हात लावू देईनात. तुमचीच आई, तुमीच सांगा. म्हणत्यात, खंडेनवमीला मांडलेलं हत्यार उद्या शिलंगणाआधी हलवायचं नाय, घरावर संकट येतं… आता आणखी कोणतं यायचं राहिलंय?

आत्याबाई, हा घ्या फोन, कारभारी भाऊजी हाईत… नाय घेत. मान हलवत्यात.

आत्याबाई, ऐका. मी परक्याची पोर, माझं ऐकू नका. पण तिकडं टेकाडावर तुमचा सोनाजी हाय. थोरला. त्याचं तरी ऐका…

… गप बसा भाऊजी, काई बोलू नका.

उठल्या… झेंडू बाजूला केला. पाना कपाळाला लावला… दिला माझ्या हातात. म्हणत्यात, देवाचं मी बघते, तू बोल्ट काढ.

फोन फळीवर ठिवते. आता वरडून बोला… हं. शेपटी बसली. ठोकली. कोणीकडं फिरवू?… उजवीकडं? कुणाच्या उजवीकडं? तुमी मनात वरनं बघताय, मी खाली उताणी पडलीय, नाकात तेल गळतंय! नीट आठवा. चुकीचं फिरलं तर बूड आणखी आत जाईल… घड्याळाच्या उलट? खालनं बघून? नक्की?… आईची शपथ घेऊ नका, आई हितंच हाय. निस्तं सांगा.

… नाय हलत.

… नाय हलत रे! तूच रेटलाय त्याला, तूच!… व्हय, तू म्हणलं. लगीन होऊन आले तवा तुझा शेंबूड पुसलाय मी, आज तू म्हणंन. रांगोळी दिसली तुला, भाऊ नाय दिसला!… रडू नको. नको रडू. मला लई भ्या वाटतंय, कारभारी. त्यांचा बी फोन लागंना आता. आत्याबाई, तो पाईप द्या. तुमी बी धरा. दोघी रेटू… हं… अजून…

हलला! भाऊजी, हलला! फिरतोय… निघाला. हातात हाय माझ्या. एवढंसं बूड, मेलं.

… काय? आरती झाली? बोल्ट घेतला? या मंग… नाय, थांबत नाय मी. तुमी वाटेतलं बिडकीन वलांडस्तोवर टेकाडावर काय उरंल? बाभळीची खुंटी तासून ठिवलीय, चिंधी गुंडाळून भोकात ठोकते. डब्यात तेल हाय, ते वतते. टेकाडापर्यंत अन् परत, तेवढं चाललं की झालं.

… निघाली तर? निघाली तर हातानं दाबून धरीन… व्हय की. मंग बोट कोण हाकंल?

थांबा. आत्याबाई, उतरा खाली. काठावर बसा… उतरा म्हणते ना!… नाय उतरत. इंजनापाशी बसल्यात. म्हणत्यात, खुंटी मी धरते, तू बोट हाक… अहो, मी काय वढून काढू त्यांना? पदर तरी खोचा आत्याबाई, इंजनाच्या चाकात जाईल.

… मला नका सांगू म्हातारं माणूस हाय म्हणून. दिसतंय मला.

… भाऊजी, येऊ द्या त्यांना. तुमी भावाला वळखत नाय का? मी हाक मारली तर आधी मेंढरं चढवत बसतील, एक एक करून. बायकोचं कवा ऐकलंय त्यांनी? आईनं म्हणलं, सोन्या, टाक ती मेंढरं अन् बस बोटीत, तर बसतील.

ठिवते. हँडलला दोन्ही हात लागतेत.