दिगंबर सर उत्कृष्ट ठरतात

नाही, पण मी म्हणतो, सत्कारच करायचा तर शाल द्या, नारळ द्या, माणसाला परगावी कशाला धाडता? तुम्हाला सांगतो, आमच्या वाघोलीच्या कम्युनिटी कॉलेजात वायरिंग शिकवणारे दिगंबर सर, साधा माणूस, विश्रांतवाडीहून स्कूटरवर येणार, शिकवणार, जाणार... त्यांना कळलं की यंदा ‘उत्कृष्ट शिक्षक’ म्हणून त्यांचंच नाव चाललंय, आणि त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. कारण संस्थेने घाटापलीकडे नवी शाखा काढलेली, ना धड इमारत ना धड रस्ता, आणि गेल्या वर्षीच्या उत्कृष्ट स्वराली मॅडम, ज्यांना प्राचार्यांनी “आमचा हिरा जरा तिकडे चमकू दे” म्हणून पाठवलं, त्या अजून तिकडेच चमकताहेत. त्याआधीचे सुखदेव सर तर नोकरीच सोडून गेले. मग माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

नाही म्हणावं, तर नोकरी कराराची, जूनमध्ये तो वाढवणं प्राचार्यांच्या हातात. हो म्हणावं, तर बायको इथल्या बँकेत, आणि या गृहस्थांना एकट्याने राहायची इतकी धास्ती की उल्कावहिनी माहेरी गेल्या तर हे घरभर दिवे लावून झोपतात.

शेवटी सरांनी ठरवलं, वाईट शिकवायचं, म्हणजे नावच गळेल. वर्गात गेले, पुस्तक उघडलं, मान खाली घालून वाचत सुटले. जरा वेळाने मिसबा उठली. मिसबा म्हणजे दोन लेकरांची आई, नवरा वारल्यावर शिकायला आलेली. म्हणाली, “सर, बरं नाही का? तुम्ही बसा, आम्ही बोर्ड जोडतो.” जोडायला घेतला, आणि कुणीतरी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकला, म्हणजे बटण बंद केलं तरी दिव्यात करंट राहणार... झालं, सरांना राहवेना, उठले, समजावायला लागले, घंटा झाली तरी समजावतच होते, आणि दारात प्राचार्य उभे, ऐकताहेत. सांगा, माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

समारंभाच्या दिवशी सरांनी नकार पाठ करून आणलेला. “घरगुती अडचणीमुळे...” असं ओठांतल्या ओठांत चाललेलं. तेवढ्यात मिसबाला बोलायला बोलावलं. ती म्हणाली, “पहिल्या दिवशी मी टेस्टरसुद्धा धरत नव्हते. सर म्हणाले, भीती असू दे, फक्त हात कोरडे ठेवा. आता गल्लीतले लोक मला फ्यूज गेला की बोलावतात. भीती अजून वाटते, पण मी जाते.”

प्राचार्य माईक हातात घेऊन म्हणाले, “आणि आता एक आनंदाची बातमी...” ती काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. दिगंबर सर उठले, तळहात पँटला पुसले, समोर बसलेल्या मिसबाकडे पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं सोडून म्हणाले, “जातो. पण तिथे आधी अर्थिंग करून घ्या.”

घरी आल्यावर उल्कावहिनींनी ट्रॉफी टेबलावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला.

“नाही म्हणालात ना?”

“राहून गेलं.”

वहिनींनी माळ्यावरची बॅग काढली, धूळ झटकली, शर्टांच्या घड्या घालायला लागल्या. बॅगेची चेन लावताना म्हणाल्या, “तिकडे तरी जरा बेताचं शिकवा.”

सर म्हणाले, “बघतो.”