बुजवलेल्या कमानी

आजच्या सभेचे अध्यक्ष अनंतराव वकील, त्यांच्या शेजारी बसलेले, आपल्या पुलाचं काम घेतलेले गुत्तेदार वीरभद्रप्पा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इंजिनियर रेणुकादास, आणि उदगीरच्या व दरीतल्या वाडीच्या माझ्या मायबाप मंडळींनो,

मी ईश्वरप्पा, आडत दुकानदार. आपल्याला भाषण जमत नाही, असं सुरुवातीला म्हणायची रीत आहे. मला जमतं, म्हणून तर वकीलसाहेब घाबरून बसलेत!

निजामसरकारची रेल्वे आपल्या दरीवरून न्यायची ठरली, तेव्हा पुलाचा नकाशा रेणुकादासांनी काढला. ओढा एक आणि कमानी सात! मी विचारलं, "साहेब, एवढ्या कशाला?" म्हणाले, "एक पाण्याला, बाकीच्या हरणांना. त्यांची वाट आपल्या आधीची आहे." दगडही इथल्याच माळाचा, काळा. पूल झाला तेव्हा तो दरीतूनच उगवल्यासारखा दिसला. खालून काळविटांचे कळप जायचे, त्यांच्या मागं लांडगे. आपली चार कणसं जायची, एवढंच.

पण गेल्या साली येळा अमावस्या, आपली येळवस, आली. सगळी वाडी शेतात, कडब्याच्या कोपीत भज्जी-आंबील जेवायला बसलेली, आणि समोर हरणांनी खाल्लेला जोंधळा. डोकी फिरली. पंगतीला वीरभद्रप्पा पाहुणे होते. येळवशीला कोपीत जेवलेल्या पाहुण्यानं यजमानाचं मागणं मोडायचं नाही, ही तुमच्या वाडीची रीत. आणि तुम्ही मागितलं काय? "त्या सहा कमानी बुजवा!" त्यांनी शब्द दिला अन् पाळला. राहिली ओढ्याची कमान. तिथल्या डोहात हरीण पाय घालत नाही.

रेणुकादास दारोदार फिरले. "अहो, हरणं अडतील, पण लांडगे काय खातील?" तुम्ही हसलात. त्यांनी हैदराबादला लिहिलं, तर उलट त्यांच्याच बदलीचा हुकूम आला. आपण आज त्या हुकमालाच हार घालतोय.

आता हरणं पलीकडं अन् लांडगे अलीकडं. वळसा घालून जायला लांडग्याला काय झालं? पण इकडं शेरडं-मेंढरं बांधलेली असताना तो कशाला तंगडतोड करील? परवा भरदुपारी साखराबाईच्या दारातून त्यानं शेरडू नेलं. त्याच बाजेखाली बांधलेलं होतं, जिच्यावर तिचा नातू निजला होता. ती मला म्हणाली, "मालक, आधी धोंडा मारला की पळायचं. आता पळंना. उभं ऱ्हाऊन बघायलंय." मंडळी, तेव्हापासून मला भीती वाटते. लाज कसली त्यात?

वीरभद्रप्पा, भर सभेत मागतो, एक तरी कमान मोकळी करा. मान का हलवता? येळवशीचा शब्द म्हणता? बरं, मग वाडीकरांनो, तुम्हीच त्यांना शब्दातून सोडवा. करा हात वर.

कुणीच नाही? अण्णाराव, वाडीतले वडीलधारे तुम्ही, तुमचाही नाही? जोंधळा निसवलाय, कणसं बाहेर पडलीत म्हणून? अरे, कणसं मोजाल की लेकरं?

असो. रेणुकादास, तुम्ही आम्हाला वाट ठेवून दिली होती, ती आम्हीच बुजवली. जिथं जाल तिथं तुमचं ऐकणारी माणसं भेटोत. मंडळी, ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझ्या जिभेला हाड नाही. कुणाला लागलं असेल तर पोटात घाला.

अन् वाडीच्या मंडळींनो, चहाला थांबू नका. उन्हं कलली. पोरं मधी घ्या, कुणी मागं राहू नका. साखराबाई, नातवाला खाली सोडू नका, कडेवरच घ्या.