विजेची तबकडी

चाळीसगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत दोघी बसल्या होत्या.

“अक्का, तुमच्या किरणनं आबांसाठी काय पाठवलं म्हणे?”

“विजेची तबकडी. तिच्यावर कप ठेवला की चहा गारच होत नाही.”

“माय वं! खाली जाळ नाही?”

“जाळ नाही, धूर नाही. कप उचलला की आपोआप बंद.”

“आबांना आवडली?”

“दीपमाला, दीपनगरच्या वीजकेंद्रात जन्मभर वीज केली गं त्यांनी. ड्युटीवर चहा कायम गार. मग घरीही तीच सवय, गार झाला की एका घोटात. काल पेपर वाचून कप उचलला, तर वाफा! बघतच राहिले. मग बशीत ओतला, आणि...”

“आणि काय?”

“फुंकर मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितली मी.”